वाचलेली अठ्ठेचाळीस मिनिटं

गेल्या वर्षी दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावणीच्या कार्यक्रमात समाजातल्या एका तरुण इंजिनिअरचा सत्कार झाला. मुलगा गुणी. रस्ते आणि पूल यांच्या योजना आखणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. सत्काराला उत्तर देताना त्याने आपलं काम फार सोप्या भाषेत समजावून सांगितलं. एखादा उड्डाणपूल बांधायचा की नाही, हे कसं ठरतं? पुलामुळे दर माणसाची किती मिनिटं वाचतील ते मोजायचं. त्या मिनिटांना रुपयांत भाव लावायचा. सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज खर्चापेक्षा जास्त भरली की पूल मंजूर.

मी मागच्या रांगेत बसले होते. उभी राहिले आणि विचारलं, "बाळ, तुझ्या या हिशेबात माझा एक तास किती रुपयांचा?"

तो हसून म्हणाला, "काकू, तुम्ही सध्या काय करता?"

"निवृत्त शिक्षिका आहे. घरीच असते."

तो जरा अडखळला. "म्हणजे... काकू, तुमचा वेळ तर अमूल्य आहे!"

सभागृह हसलं. बायकाही हसल्या. मीही हसले आणि खाली बसले. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की मला उत्तर मिळालंच नाही. ज्याचा भाव लावायचा नसतो त्याला आपल्याकडे अमूल्य म्हणतात. आईची माया अमूल्य आणि घरच्या सुनेचे कष्टही अमूल्य. अमूल्य वस्तू बेरजेत धरता येत नाही, म्हणून तिथे शून्य पडतं.

त्या मुलावर माझा राग नाही. पण ज्या हिशेबावर शहरातले पूल उभे राहतात आणि बसगाड्या कमी-जास्त होतात, तो आपण बायकांनी एकदा नीट तपासायला हवा. मी गणिताची शिक्षिका होते, म्हणून तपासायला बसले.

जागतिक बँकेचं १९९७ सालचं एक टिपण आहे. स्थानिक माहिती हाताशी नसेल तर प्रवासाच्या वेळेला काय भाव धरावा, हे त्यात सांगितलंय. मालकाच्या कामासाठी ड्यूटीवर असताना केलेल्या प्रवासाचा तास पगाराच्या खर्चाने धरायचा. बाकी सगळ्या प्रवासाचा तास, मोठ्या माणसाचा असेल तर घरातल्या माणशी उत्पन्नाच्या ३० टक्के आणि मुलाचा असेल तर १५ टक्के. घर ते नोकरी हा प्रवाससुद्धा या 'बाकी'तच येतो. एक गोष्ट मात्र त्या टिपणात मला पटली. चालण्यात आणि थांब्यावर वाट बघण्यात गेलेला वेळ दीडपट धरावा, असं त्यात म्हटलंय. थांब्यावर उभी राहिलेली कुठलीही बाई हे टिपण न वाचता सांगेल.

भाव लावायची दुसरी रीत म्हणजे लोक काय करतात ते पाहायचं. वेळ वाचवायला कोण किती पैसे मोजतो, त्यावरून त्याच्या वेळेची किंमत काढायची. ऐकायला अगदी न्यायाचं वाटतं, पण खरी खोट इथेच आहे.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाई अंबरपेठहून बडी चावडीपर्यंत चालत यायच्या. चाळीस मिनिटं. बसने, थांबण्याचा वेळ धरून, वीस मिनिटं लागली असती आणि दहा रुपये पडले असते. म्हणजे वीस मिनिटं वाचवायला दहा रुपये द्यायला त्या तयार नव्हत्या. गणित सांगतं, त्यांचा तास तीस रुपयांपेक्षा स्वस्त. तिकडे हायटेक सिटीत जाणारा कुणी अर्धा तास वाचवायला दोनशे रुपये जास्त मोजून टॅक्सी करतो. त्याचा तास चारशे रुपयांचा. तेरा पटींचा फरक पडला!

आता खरी परिस्थिती बघा. त्या बाईंना पहिल्या घरी पंधरा मिनिटं उशीर झाला की पुढच्या तीन घरी उशीर होणार. महिन्यात चारदा असं झालं तर एक घर सुटणार. टॅक्सीवाल्या साहेबांना उशीर झाला तर ते गाडीत बसूनच मीटिंगला फोन जोडतात. मग कोणाची मिनिटं महाग? बाईंनी दहा रुपये दिले नाहीत, कारण त्या दहा रुपयांत मुलाची वही येत होती. त्यांच्या चालण्यावरून त्यांचा खिसा किती हलका आहे ते कळतं. वेळ किती मोलाचा आहे ते त्यातून कसं कळणार? खिशाचं माप घ्यायचं आणि ते वेळेच्या नावावर लिहायचं, असं माझ्या वर्गातल्या मुलीने केलं असतं तर मी लाल शाईने काट मारली असती.

९ डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात महालक्ष्मी योजनेखाली बायकांना आरटीसीच्या साध्या आणि एक्सप्रेस बस मोफत झाल्या. आमच्या बाई दुसऱ्या आठवड्यापासून बसने यायला लागल्या. आता याला काय म्हणायचं? एका आठवड्यात त्यांच्या वेळेची किंमत वाढली का? किंमत पहिल्यापासून होतीच. वाटेत आडवे आलेले दहा रुपये बाजूला झाले, एवढंच.

पण या योजनेवर आपल्याच मंदिराच्या ओट्यावर काय काय ऐकलं! "फुकट आहे म्हणून हिंडतात." "काही काम नसतं, बसमध्ये जागा अडवतात." हे बोलणारे बहुतेक चारचाकीतून आलेले. त्यांना मी विचारलं, मेहदीपट्टणमहून आरामघरला जाणारा तो पी. व्ही. नरसिंह राव एक्सप्रेस वे, तुम्ही विमानतळाला जाताना वापरता ना? ११.६ किलोमीटरचा पूल २००९ साली उघडला. त्यावर दुचाकीला मनाई. चारचाकीला टोल नाही. तुमची वाचलेली मिनिटं सरकारनेच बांधून दिली ना? तिकीट कधी काढलंत? पुलावरून जाणाऱ्याला कुणी विचारत नाही, की वाचलेल्या मिनिटांत तू काय केलंस, सिरीयल पाहिलीस की झोप काढलीस. बाईला मात्र पहिला प्रश्न तोच.

आता मोजणीकडे येऊ. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला किती लांब आणि कशाने जातात हे विचारलं गेलं. चांगली गोष्ट. पण विचारलं कुणाला? शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांना. निवृत्तीनंतरचा माझा दिवस सांगते. सकाळी मंदिर. तिथून नातीला शाळेत सोडणं. परतताना सुलतान बाजारात भाजी. आत्याबाईंची औषधं. दुपारी पुन्हा शाळा. आठवड्यातून एकदा आत्याबाईंना घेऊन दवाखाना. दोन ऑटो, एक बस आणि बाकी चालणं. यातला एकही फेरा त्या प्रश्नात बसत नाही, कारण मी 'काम' करत नाही. सरकारचंच वेळेच्या वापराचं २०२४ सालचं सर्वेक्षण सांगतं, की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची ८८. एका खात्याने ही मिनिटं मोजलीत. पण थांबा कुठे हवा आणि दुपारी दोनला बस किती वेळाने यावी, हे ठरवताना ती कुणाच्या डोळ्यांसमोर असतात?

अजून एक चूक आहे, आणि ती आपल्या लोकांना लगेच कळेल. या हिशेबात सगळी मिनिटं सारखी धरतात. माझं आयुष्य मला वेगळं शिकवून गेलं.

मी कुकटपल्लीच्या एका खासगी शाळेत शिकवत होते. शाळा चारला सुटायची. तिथून कोठीची बस. बस वेळेवर मिळाली आणि रस्ता मोकळा असला तर साडेपाचला घरी. नाही तर सहा, सव्वासहा. उन्हाळ्यात काही वाटायचं नाही, सूर्य पावणेसातपर्यंत असतो. पण नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबादला तो पावणेसहाच्या आत मावळतो. रात्री जेवायचं नाही हा नेम मी बेळगावला माहेरी लहानपणीच घेतलेला. माझ्या दृष्टीने पाच चाळीसच्या आधीची दहा मिनिटं आणि नंतरचा अख्खा तास यांची बरोबरीच नाही. बस दहा मिनिटं उशिरा आली तर माझी दहा मिनिटं जात नव्हती, दुसऱ्या दिवशी सूर्य वर येईपर्यंत पोटात अन्न नाही, असं व्हायचं.

म्हणून हिवाळ्यात मी डबा दोन वेळचा नेई. संध्याकाळची भाकरी थांब्यावरच उभ्याने खाई. माझ्याबरोबर एक उर्दूच्या बाई असायच्या. आमची ओळख भाकरीवरून झाली. रमजान हिवाळ्यात आला त्या वर्षांत आम्ही दोघी त्याच थांब्यावर पश्चिमेकडे बघत उभ्या असायचो. मला सूर्य मावळायच्या आत घास संपवायचा असायचा, त्यांना मावळल्यावर घास घ्यायचा असायचा. त्या म्हणायच्या, "आप खा लो बहन, मेरा वक़्त अभी बाक़ी है." एकाच थांब्यावर, एकाच बसची वाट बघताना, दोघींची मिनिटं वेगळी. बस नक्की कधी येईल हे ठाऊक असतं, तर आम्हा दोघींचं निम्मं दुःख हलकं झालं असतं. वेगापेक्षा भरवसा मोठा असतो. उड्डाणपुलाच्या बेरजेत या भरवशाला किती गुण असतात, हे त्या मुलाला विचारायचं राहिलं.

सप्टेंबर २०१८ मध्ये मेट्रोची लाल लाईन एल. बी. नगरपासून अमीरपेठेपर्यंत सुरू झाली आणि पुढे मियापूरपर्यंत आधीच चालू होती तिला जोडली गेली. आमच्या घरापासून कोठीचं स्टेशन दहा मिनिटांवर, आणि तिकडे कुकटपल्लीला गाडी शाळेजवळच उतरवायची. पहिल्या आठवड्यात मी घड्याळ लावून पाहिलं. जाता-येता मिळून पन्नास मिनिटांच्या आसपास वाचत होती. त्या वेळी मला झालेला आनंद कुठल्याही कोष्टकात मावणारा नव्हता. दिवसाचे तीस मुहूर्त, आणि एक मुहूर्त अठ्ठेचाळीस मिनिटांचा. एका सामायिकाला तेवढाच वेळ लागतो. माझ्या आईने जन्मभर रोज केलं. मी लग्नानंतर सुट्टीच्या दिवशीसुद्धा धड करू शकले नव्हते. मनात म्हटलं, हे शहराने मला परत दिलं.

तीन आठवडे केलं. संध्याकाळी घरी येऊन, जेवून, देवघराच्या कोपऱ्यात आसन टाकून बसायचे.

चौथ्या आठवड्यात आत्याबाई म्हणाल्या, "आता तू लवकर येतेस, तर पोळ्यावालीला कशाला ठेवायची? महिन्याचे पैसे वाचतील." कुणी रागावून बोललं नाही. जबरदस्ती तर मुळीच नव्हती. यजमान म्हणाले, "बघ बाई, तुला जमत असेल तर." आणि मी म्हटलं, "जमेल." पोळ्यावाली बंद झाली. मग संध्याकाळच्या पोळ्या, मागोमाग मामंजींचं पथ्याचं, मग नणंदेच्या मुलाची शिकवणी. तीन महिन्यांत माझी अठ्ठेचाळीस मिनिटं घरभर वाटली गेली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तोवर तो कोपरा सुका कपडा ठेवायची जागा झाला होता.

मैत्रिणींनो, त्या इंजिनिअरला जाब विचारण्याआधी हा जाब मला द्यायला हवा. सरकारने मेट्रो बांधली. वेळ वाचला. तो घेतला कुणी? घरच्यांनी घेतला, आणि मी हातात आणून दिला. आपणही आपल्या वेळेचा भाव त्या टिपणासारखाच लावतो. सुनेचा पगार येतो तो वेळ खरा. बाकीचा घराचा, कुणीही वापरावा.

यावर उत्तर ठरलेलं असतं. "सेवा हा धर्म आहे. वेळेचे रुपये कसले करता? अपरिग्रह शिकवणारा आपला धर्म." मान्य आहे. पण अपरिग्रह मी माझ्या वस्तूंचा करायचा असतो. दुसरी बाई आपला वेळ ओढून घेऊ देत नाही म्हणून तिला अपरिग्रह शिकवणं हा कुठला न्याय? पाच व्रतांत अचौर्यही आहे. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, ही व्याख्या आपण पाठशाळेत पाठ केली. सुनेला न विचारता तिची संध्याकाळ गृहीत धरली, तर ती कशात मोडते? दान तिने करावं, स्वतःच्या हाताने. तिच्या वतीने परस्पर केलेलं दान हे दान नव्हे. आणि ज्या धर्माने काळाचा सर्वांत लहान तुकडा 'समय' म्हणून वेगळा ओळखला, डोळ्याच्या एका उघडझापीत असे असंख्य समय जातात असं सांगितलं, त्या धर्माच्या घरात बाईच्या तासाला हिशेब नसावा, याची मला लाज वाटते.

दुसरं उत्तर जरा वरच्या पट्टीतलं. "वेळ मोकळा मिळाला तरी बायका गप्पाच मारणार." मारू देत. माझ्या वेळेचं मी काय करते यावर त्याची किंमत ठरत नाही. सामायिक करीन, नाही तर गच्चीत वारा खात बसेन.

तेव्हा माझं मागणं दोन ठिकाणी आहे.

योजना आखणाऱ्यांना सांगणं असं, की शहरातल्या प्रत्येक माणसाच्या तासाला एकच भाव लावा. ब्रिटनमध्ये खासगी प्रवासाच्या वेळेला श्रीमंत-गरीब न पाहता सरासरी दर वापरण्याची रीत आहे. म्हणजे हे अशक्य नाही. एका बसमध्ये साठ माणसं आणि एका गाडीत एक, हे धरून बेरीज करा, मग पूल आधी की बससाठी वेगळी लेन आधी ते बघू. दुपारचे, दवाखान्याचे, शाळेचे, भाजीचे फेरे मोजा. थांब्यावर शेड आणि बस कधी येणार याची पाटी लावा. आणि प्रश्नावली घेऊन घरी याल तेव्हा "घरात कमावतं कोण?" विचारून बाहेरच्या खोलीतून परत जाऊ नका. आत स्वयंपाकघरात या.

दुसरं मागणं आपल्या घरांना. माझी सून हायटेक सिटीत नोकरी करते. अमीरपेठेला गाडी बदलून जाते. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करते. त्या दोन दिवशी तिचा येण्याजाण्याचा वेळ वाचतो. पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं, "आज घरीच आहेस, तर तेवढी पुरणाची डाळ शिजत टाक." शब्द तोंडातून गेले आणि मला आत्याबाईंचा आवाज ऐकू आला. अगदी तोच सूर. माझ्यावर बेतलेलं मी विसरले नव्हते, तरी तिच्याशी तसंच वागले.

ती काही बोलली नाही. डाळ टाकायला उठली. मी तिला बसवलं आणि त्या रात्री आम्ही सगळ्यांसमोर ठरवलं. तिचे ते वाचलेले तास तिचे. त्यात काम सांगायचं नाही, आणि काय करतेस तेही विचारायचं नाही. माझी संध्याकाळची अठ्ठेचाळीस मिनिटं माझी. संध्याकाळच्या पोळ्यांना पुन्हा बाई लावली, पैसे माझ्या निवृत्तिवेतनातून नव्हे, घरखर्चातून. मुलगा म्हणाला, "आई, खर्च वाढेल." मी म्हटलं, "वाढणार नाही, दिसायला लागेल. आजवर तो मी भरत होते."

यंदाच्या क्षमावणीला त्या इंजिनिअरला पुन्हा बोलवावं, असं मी महिला मंडळात सुचवलंय. त्याची मी क्षमा मागणार आहे, कारण गेल्या वर्षी माझा प्रश्न अर्धवट टाकून मी हसत खाली बसले. आणि मग तो प्रश्न पुन्हा विचारणार आहे. या वेळी मागच्या रांगेतून नाही. आणि बायांनो, त्याने अमूल्य म्हटलं तर तुम्ही हसू नका, एवढंच माझं तुमच्याकडे मागणं आहे.